उभ्या गाडीतील वीज : सुरतेचा बस डेपो काय शिकवतो

सुरत महानगरपालिकेच्या अलथाण येथील विद्युत बस डेपोच्या छतावर १०० किलोवॉट क्षमतेचे सौर पॅनेल आहेत. त्यांच्या जोडीला २२४ युनिट वीज साठवू शकणारा बॅटरी संच बसवलेला आहे. दिवसा छतावर तयार होणारी वीज या संचात साठते आणि रात्री मुक्कामाला आलेल्या बसगाड्यांना ती पुरवली जाते. जर्मनीच्या ‘जीआयझेड’ या संस्थेच्या सहकार्याने, सुमारे १ कोटी ६० लाख रुपये खर्चून उभारलेला हा प्रकल्प २०२५ मध्ये कार्यान्वित झाला. त्यातून वर्षाला सुमारे १ लाख युनिट वीज मिळावी आणि महापालिकेच्या वीजबिलात ६ लाख ६५ हजार रुपयांची बचत व्हावी, अशी अपेक्षा आहे.

आकडे लहान आहेत. परंतु या डेपोतील एक गोष्ट वेगळी आहे. तेथील बॅटऱ्या नव्या नाहीत. त्या वाहनांत वापरून झालेल्या, रस्त्यावरून निवृत्त झालेल्या बॅटऱ्या आहेत. वाहनाच्या बॅटरीची क्षमता मूळच्या सुमारे ७० ते ८० टक्क्यांवर आली की एका चार्जमध्ये गाडी पुरेशी लांब जात नाही. मात्र एका जागी ठेवून वीज साठवण्यासाठी तीच बॅटरी आणखी काही वर्षे उत्तम काम देते. म्हणजे वाहनाच्या बॅटरीने इतरांना वीज पुरवण्याचे काम सुरतेत सुरू झाले आहे, पण ते बॅटरीच्या निवृत्तीनंतर. पुढचा प्रश्न साहजिक आहे. हेच काम बॅटरी गाडीत असतानाच का करू नये? दिवसातील बहुतांश वेळ एका जागी उभ्या असणाऱ्या गाडीने गरजेच्या वेळी आपली वीज जाळ्याला परत का देऊ नये?

या कल्पनेला ‘द्विदिशा चार्जिंग’ म्हणतात. वीज जाळ्यातून गाडीत येते आणि गाडीतून जाळ्यातही जाते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्पटन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंडर यांनी १९९७ मध्ये ती शोधनिबंधातून मांडली. त्या काळी विद्युत मोटारी अपवादानेच दिसत. आज त्या रस्तोरस्ती दिसू लागल्या आहेत आणि त्यामुळे ही कल्पना प्रयोगशाळेतून वीज कंपन्यांच्या टेबलावर येऊन पोहोचली आहे.

साठवणुकीची गरज का?

विजेचे जाळे ही एक विलक्षण व्यवस्था आहे. त्यात प्रत्येक क्षणाला जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. हा समतोल ढळला की त्याची पहिली खूण जाळ्याच्या वारंवारतेत दिसते. भारतात ही वारंवारता ५० हर्ट्झ असते. मागणी वाढून निर्मिती अपुरी पडली की ती घसरते. निर्मिती अधिक झाली की ती वाढते. भारतीय जाळ्यात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखण्याचा नियम आहे.

औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांवर अवलंबून असलेल्या व्यवस्थेत हा समतोल साधणे तुलनेने सोपे होते. मागणी वाढली की केंद्राची निर्मिती वाढवता येत असे. सूर्यप्रकाशाला मात्र कोणी आज्ञा देऊ शकत नाही. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी सुमारे २ लाख ५० हजार मेगावॉटच्या विक्रमी पातळीला पोहोचली होती. ही मागणी भर दुपारची असली तर सूर्य मदतीला असतो. परंतु सायंकाळी सूर्य मावळतो, घराघरांत दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात आणि नेमके तेव्हाच सौर पॅनेल शांत होतात. सुरतेसारख्या शहरात तर यंत्रमाग आणि कापड प्रक्रिया कारखाने रात्रंदिवस चालतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणारी, खानदेशातून रोजगारासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे याच कारखान्यांवर पोट भरतात. सूर्य मावळला म्हणून माग थांबत नाहीत.

दुपारची वीज सायंकाळपर्यंत जपून ठेवणे, हाच यावरचा उपाय. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी विजेचे मोल वेगवेगळे असते, हे आता कायद्यानेही मान्य केले आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत तो घरगुती ग्राहकांसाठी किमान १० टक्के, तर व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान २० टक्के अधिक असावा, असे ठरले. द्विदिशा चार्जिंगचे सारे अर्थकारण दराच्या या फरकावर उभे आहे.

गाडीतून वीज परत कशी येते?

जाळ्यातील वीज एसी म्हणजे दिशा सतत बदलणारी असते. बॅटरीतील वीज डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. नेहमीचा चार्जर एसीचे डीसीत रूपांतर करून ती बॅटरीत भरतो. हा एकेरी रस्ता आहे. द्विदिशा चार्जरमध्ये असे इलेक्ट्रॉनिक स्विच वापरतात की त्याच यंत्रणेतून डीसीचे पुन्हा एसीत रूपांतर करता येते. ही यंत्रणा गाडीत असू शकते किंवा भिंतीवरच्या चार्जरमध्ये.

वीज बाहेर काढण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे गाडीतून थेट उपकरण चालवणे. भारतात ही सोय आजही मिळते. ह्युंदाई आयोनिक ५, टाटा नेक्सॉनची २०२३ मधील विद्युत आवृत्ती अशा गाड्यांना जोडणी लावून दिवे, मिक्सर, लहान पंप चालवता येतो. दुसरी पायरी म्हणजे गाडीने संपूर्ण घराला वीज देणे. जपानमध्ये २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तिला वेग आला आणि पुढच्याच वर्षी निस्सानने आपल्या ‘लीफ’ गाडीसाठी घराला वीज देणारी यंत्रणा बाजारात आणली. तिसरी आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे सार्वजनिक जाळ्यात वीज सोडणे.

तिसरी पायरी अवघड असण्याचे कारण तंत्रापेक्षा शिस्तीत आहे. जाळ्यात वीज सोडताना गाडीच्या यंत्रणेला जाळ्याचा दाब, वारंवारता आणि लय यांच्याशी तंतोतंत जुळवून घ्यावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जाळ्याचा पुरवठा खंडित झाला तर गाडीने तत्क्षणी वीज सोडणे बंद केले पाहिजे. खांबावर चढलेल्या लाइनमनने वाहिनी मृत आहे असे समजावे आणि एखाद्या अंगणातील गाडी त्याच वाहिनीत वीज सोडत असावी, यापेक्षा भयंकर चूक दुसरी नाही. छतावरील सौर यंत्रणांना हाच नियम लागू आहे. म्हणूनच खंडित पुरवठ्याच्या वेळी घर उजळायचे असेल, तर घराला जाळ्यापासून पूर्ण वेगळे करणारा खात्रीचा स्विच अनिवार्य ठरतो.

बॅटरी किती, यापेक्षा केव्हा

मोठ्या विद्युत बसमध्ये साधारण २०० ते ३०० युनिटची बॅटरी असते. म्हणजे अलथाण डेपोतील संपूर्ण साठवण संच एका बसच्या बॅटरीएवढाच आहे. डेपोत अशा शंभर बसगाड्या उभ्या असतील तर तेथे २० हजारांहून अधिक युनिटचा साठा आपोआप उभा आहे, असे कागदावर दिसते.

पण कागदावरचे हे गणित घड्याळापुढे टिकत नाही. जाळ्याला विजेची सर्वाधिक गरज सायंकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत असते आणि शहर बसही नेमकी त्याच वेळी प्रवाशांनी भरून रस्त्यावर धावत असते. ती डेपोत परतते तेव्हा तिची बॅटरी उतरलेली असते आणि पहाटेपर्यंत ती पुन्हा भरायची असते. महापालिकेने जुन्या बॅटऱ्यांचा स्वतंत्र संच बसवला, त्यामागील शहाणपण येथे कळते. स्थिर बॅटरीला कोठेही जायचे नसते.

शाळेच्या बसची गोष्ट निराळी आहे. ती सकाळी आणि दुपारी धावते, सायंकाळी उभी असते आणि सुटीत तर आठवडेच्या आठवडे उभी असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या शाळांसाठी २०२४ मध्ये ७४ विद्युत बसगाड्यांचा ताफा द्विदिशा चार्जरसह सुरू झाला. त्यातून वर्षाला सुमारे २१ लाख युनिट वीज जाळ्याला परत मिळेल, असा अंदाज बांधण्यात आला.

घड्याळाचा हाच धडा ऑस्ट्रेलियातही मिळाला. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी व्हिक्टोरिया राज्यात वादळाने उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे कोसळले आणि लाखो घरांची वीज गेली. जाळ्याचा समतोल ढळताच कॅनबेरा परिसरात चार्जरला जोडलेल्या १६ गाड्यांनी आपणहून वीज सोडायला सुरुवात केली आणि एकूण १०७ किलोवॉट शक्ती पुरवली. मोठमोठ्या केंद्रांना जे साधायला वेळ लागतो, ते या गाड्यांनी काही क्षणांत केले. मात्र त्या प्रयोगात एकूण ५१ गाड्या होत्या आणि त्या घटकेला जोडलेल्या होत्या केवळ १६. उरलेल्या गाड्यांचा त्या क्षणी काहीच उपयोग नव्हता.

याच कारणाने तज्ज्ञ दिशेआधी वेळेचा विचार करायला सांगतात. गाडी केव्हा भरायची, एवढे जरी नीट ठरवले तरी जाळ्यावरचा भार बराच हलका होतो. सुरतेतील हिऱ्यांच्या कारखान्यांबाहेर कारागिरांच्या दुचाकी दिवसभर उभ्या असतात. विद्युत दुचाकीची बॅटरी जेमतेम दोन ते चार युनिटची. तिच्यातून वीज परत घेण्यात फारसा अर्थ नाही. पण ती रात्री घरी भरण्याऐवजी दुपारी, सौर विजेच्या भरात, कामाच्या जागी भरली तर सायंकाळच्या मागणीतून तेवढा वाटा आपोआप कमी होतो. त्यासाठी महागडा चार्जर लागत नाही. साधी जोडणी आणि दुपारचा स्वस्त दर पुरे.

झिजेचा हिशेब

वाहनमालकाच्या मनात सर्वांत आधी येणारी शंका रास्त आहे. वीज देता-देता माझी बॅटरी झिजणार नाही का? झिजेल. किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, दुपारी विजेचा दर युनिटला ५ रुपये आणि सायंकाळी परत घेण्याचा दर ८ रुपये आहे. मालकाने दुपारी १० युनिट घेतले. ५० रुपये खर्च झाले. भरताना आणि काढताना होणारी गळती सुमारे १५ टक्के धरली तर हाती साडेआठ युनिट राहिले. ते विकून ६८ रुपये मिळाले. निव्वळ लाभ १८ रुपये, म्हणजे दिलेल्या प्रत्येक युनिटमागे साधारण दोन रुपये. आता दुसरी बाजू. समजा, ४० युनिटची बॅटरी ६ लाख रुपयांची आहे आणि ती २,५०० वेळा पूर्ण भरून रिकामी करता येते. आयुष्यभरात तिच्यातून १ लाख युनिट वीज जाईल. म्हणजे प्रत्येक युनिटमागे झीज सहा रुपयांची. लाभ दोन रुपये आणि झीज सहा रुपये असेल, तर हा व्यवहार कोणीही करणार नाही.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. बॅटरी केवळ वापराने झिजत नाही, ती काळानेही झिजते. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणारी मोटार, युनिटमागे सहा किलोमीटर धरल्यास, वर्षाला २ हजार युनिट वापरते. पंधरा वर्षांत ३० हजार युनिट. बॅटरीत दडलेल्या १ लाख युनिटांपैकी उरलेले ७० हजार युनिट न वापरताच बॅटरी वयाने थकून जाईल. जे अन्यथा वायाच जाणार होते, त्यातील काही भाग विकण्याची खरी किंमत सहा रुपयांपेक्षा पुष्कळ कमी ठरते. बॅटरी पूर्ण रिकामी न करता मधल्या पट्ट्यात थोडीथोडी वापरली तर झीज आणखी घटते.

उलट, रोज दीडदोनशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला हा न्याय लागू होत नाही. तिच्या बॅटरीचा प्रत्येक युनिट रस्त्यावरच कमाई करतो. म्हणून कोणी वीज द्यावी आणि कोणी देऊ नये, याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. अलथाणच्या निवृत्त बॅटऱ्यांचे गणित सोपे होते ते यामुळेच. त्यांची मोठी किंमत वाहनात असतानाच वसूल झालेली असते.

याखेरीज हमीचा प्रश्न आहे. भारतात अनेक मोटारींच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळते. ही हमी गाडी चालवण्यासाठी आहे. जाळ्याला दिलेल्या विजेची मोजदाद किलोमीटरमध्ये होत नाही. उत्पादक कंपन्या हमीच्या अटींत हा वापर स्पष्टपणे मान्य करीत नाहीत, तोवर मालकाने धोका पत्करावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

गोव्यासाठी याचा अर्थ काय?

सुरत गोव्यापासून दूर असले तरी विजेच्या जाळ्यात ही दोन ठिकाणे जोडलेली आहेत. गोव्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. राज्याची गरज मुख्यतः बाहेरून येणाऱ्या विजेवर भागते. केंद्रीय प्रकल्पांतून गोव्याला मिळणाऱ्या वाट्यात सुरतेजवळचे काकरापार अणुवीज केंद्र आणि कवास वायू केंद्र यांचाही समावेश आहे. शेकडो किलोमीटर अंतरावरून येणारी ही वीज वाहिन्यांच्या क्षमतेने बांधलेली असते. नव्या वाहिन्या टाकायच्या तर जंगल, डोंगर आणि लोकांची संमती हे प्रश्न पुढे येतात. तमनार वाहिनीच्या वादातून गोमंतकीयांना याची चांगली जाणीव आहे. अशा राज्यात सायंकाळच्या दोन-तीन तासांची मागणी राज्यातच साठवलेल्या विजेने थोडीफार भागली, तर तिचे मोल नुसत्या युनिटच्या दरापेक्षा अधिक ठरते.

दहा हजार मोटारींनी प्रत्येकी ३.३ किलोवॉट दिले तर ३३ मेगावॉट शक्ती मिळते. हा आकडा मोठा वाटेल, पण कॅनबेराचा अनुभव ध्यानात ठेवला तर त्यातील तृतीयांशच हाताशी धरावा. त्यातही गोव्याची एक सोय आहे. भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारी पावसाळ्यात, पर्यटन मंदावले की, दिवसेंदिवस उभ्या असतात. नेमक्या त्याच महिन्यांत झाडे पडून वाहिन्या तुटतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर अनेक गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. सुरतेनेही ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुरात शहर जलमय झालेले पाहिले आहे. अशा वेळी ४० युनिटची भरलेली मोटार एका मध्यम घराचे दिवे, पंखे, शीतकपाट आणि पंप काटकसरीने दोन-चार दिवस चालवू शकते. अर्थात गाडी उंच, कोरड्या जागी असली तर. गावातील आरोग्य केंद्रातील लसींचे शीतकपाटही अशा गाडीवर चालू शकते. द्विदिशा चार्जिंगचा सर्वांत जवळचा आणि निर्विवाद उपयोग हाच आहे. त्याला ना दराचा वाद, ना जाळ्याची परवानगी. हवा फक्त सुरक्षित स्विच आणि तो बसवणारा जाणकार वायरमन.

जाळ्याला वीज विकण्यासाठी मात्र नियम हवेत. केंद्रीय वीज प्राधिकरणाने वाहनांतून उलट वीज घेण्याच्या नियमांवर काम सुरू केले आहे. केरळच्या वीज मंडळाने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने २०२५ मध्ये पथदर्शी प्रकल्प जाहीर केला. गोव्यात दर ठरवण्याचा अधिकार गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाकडे आहे. छतावर सौर पॅनेल बसवलेल्या घरांना दोन्ही दिशांनी वीज मोजणारे मीटर नवे नाहीत. पण सौर विजेसाठीचा नियम गाडीला जसाच्या तसा लावता येणार नाही. सूर्याची वीज फुकट येते. गाडीतील वीज आधी विकत घेतलेली असते आणि तिच्यासोबत बॅटरीचे आयुष्यही खर्च होते. म्हणून वाहनातून येणाऱ्या विजेला स्वतंत्र दर लागेल. गाडीत किमान किती चार्ज राखायचा, हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडे राहायला हवा. मध्यरात्री रुग्णाला घेऊन निघायची वेळ आली आणि गाडीतील वीज जाळ्याने काढून घेतलेली असली, तर या योजनेवर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही.

अलथाणच्या डेपोने जे केले ते साधे होते. सर्वांत सोप्या जागेपासून, जुन्या बॅटऱ्यांपासून, तेथे सुरुवात झाली. गोव्यालाही याच क्रमाने जाता येईल. आधी दुपारच्या स्वस्त दराने चार्जिंगची वेळ बदलावी, कदंबच्या विद्युत बसगाड्यांच्या निवृत्त होणाऱ्या बॅटऱ्यांना डेपोतच दुसरे काम द्यावे, पावसाळ्यातील अंधारासाठी घर आणि आरोग्य केंद्रे गाडीशी जोडण्याची सुरक्षित पद्धत ठरवावी आणि मग उभ्या गाड्यांकडून वीज विकत घेण्याचा विचार करावा. त्या टप्प्यावर तंत्र तयार असेलच. गाडी जोडून ठेवणाऱ्या माणसाला त्याच्या बॅटरीच्या झिजेचे दाम मिळेल की नाही, यावर पुढचे सारे ठरेल.